‘आजचे औषध लागले नाही, उद्या या!’

पहाटेची पहिली एस.टी. धरून जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मायलेक छत्रपती संभाजीनगरला येतात. आईच्या स्तनातली गाठ काढून सहा महिने झाले. आता कंबर ठणकते, रात्रीची झोप नाही. डॉक्टरांनी कागदावर ‘बोन स्कॅन’ लिहून दिले आहे. मुलगा वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. नऊच्या आत दोघे तपासणी केंद्रावर पोचतात, कागद दाखवतात, पैसे भरतात, बाकावर बसतात. साडेदहा वाजतात, अकरा वाजतात. मग आतून एक मुलगी येते आणि म्हणते, “मावशी, आजचे औषध लागले नाही. उद्या सकाळी या.”

मुलगा उठून उभा राहतो. “लागले नाही म्हणजे काय? पैसे घेतलेत ना? औषध काय आजच संपले? का दुसऱ्या कोणाला देऊन टाकले?”

वाचक बंधुभगिनींनो, असा प्रसंग कोणत्याही शहरात, कोणत्याही घरावर येऊ शकतो. मुलाच्या मनात आलेला संशय चुकीचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. रांगेत मागे ढकलले जाणे म्हणजे काय, हे आपल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पण या एका तपासणीच्या बाबतीत ‘औषध लागले नाही’ या वाक्याला खरोखरच अर्थ आहे. तो अर्थ समजून घेतला तर कुठे शांत राहावे आणि कुठे ठामपणे प्रश्न विचारावा, हे आपले आपल्याला कळेल. म्हणून आज या औषधाची सगळी हकिगत सांगतो.

दुकानात न मिळणारे औषध

तापाची गोळी कारखान्यात बनते आणि दुकानाच्या फळीवर दोन-दोन वर्षे राहते. बोन स्कॅनचे औषध तसे नाही. ते रोज सकाळी, तपासणीच्या जागीच बनवावे लागते आणि संध्याकाळपर्यंत निकामी होते.

या औषधाचे दोन भाग असतात. एक भाग हाडाकडे जाणारा. त्याचे नाव एम.डी.पी. हे फॉस्फेटच्या जातीचे रसायन आहे. हाडात जिथे नवी घडण जोरात चालू असते, तिथे ते जास्त जमते. कर्करोग हाडात उतरला की त्या जागी हाडाची मोडतोड आणि घडण दोन्ही वाढते, म्हणून तिथे हे रसायन गोळा होते. पण ते गोळा झालेले बाहेरून दिसणार कसे? त्यासाठी दुसरा भाग लागतो, तो म्हणजे टेक्नेशियम-९९एम नावाचे किरणोत्सर्गी द्रव्य. त्यातून गॅमा किरण निघतात. ते शरीराबाहेर येतात आणि गॅमा कॅमेरा त्यांचे चित्र काढतो. एम.डी.पी. हा पत्ता माहीत असलेला पोस्टमन आणि टेक्नेशियम हा त्याच्या हातातला कंदील, असे समजा. कंदील पोस्टमनच्या हातात घट्ट बसला, तरच तो कुठे गेला ते आपल्याला दिसेल. कंदील हातातून सुटला, तर तो भलतीकडेच उजेड पाडील आणि डॉक्टर फसतील.

हा कंदील पोस्टमनच्या हातात बसवणे म्हणजे औषध ‘लागणे’. दुधाला विरजण लागते, तसा हा शब्द आपणही समजू शकतो. आणि विरजणासारखेच इथेही कधी कधी लागत नाही.

न लागण्याचे मूळ कारण म्हणजे यातल्या द्रव्याचे प्रमाण. एका रुग्णाला बोन स्कॅनसाठी साधारण २० मिलिक्युरी एवढी मात्रा देतात. त्यातल्या शुद्ध टेक्नेशियम-९९एमचे वजन किती भरेल? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातले जेमतेम चार भाग. इतक्या सूक्ष्म द्रव्याशी खेळताना हवेचा एक बुडबुडा, पाण्यातला एखादा अनाहूत क्षार किंवा अर्ध्या तासाची दिरंगाईसुद्धा मोठी ठरते.

तुर्भे ते वाशी, वाशी ते आपले गाव

टेक्नेशियम खाणीतून काढता येत नाही. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मो शहरात ते प्रथम ओळखले गेले. माणसाने कृत्रिमरीत्या बनवून ओळखलेले हे पहिलेच मूलद्रव्य, म्हणून त्याला ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव मिळाले. टेक्नेशियम-९९एमचे अर्धे आयुष्य सुमारे सहा तासांचे. म्हणजे सकाळी आठ वाजता जेवढे असेल, त्याच्या निम्मे दुपारी दोनला, पाव रात्री आठला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फक्त सोळावा हिस्सा. असा माल ट्रकमध्ये भरून गावोगाव कसा पाठवणार?

युक्ती अशी की, मूल न पाठवता त्याची आई पाठवायची. टेक्नेशियमची आई म्हणजे मॉलिब्डेनम-९९. तिचे अर्धे आयुष्य ६६ तासांचे, म्हणजे पावणेतीन दिवसांचे. ती हळूहळू झिजत जाते आणि तिच्यातून टेक्नेशियम तयार होत राहते. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस या तत्त्वावर ‘जनरेटर’ तयार झाला. शिशाच्या जाड भांड्यात काचेची बारीक नळी, नळीत ॲल्युमिनाची पांढरी भुकटी आणि त्या भुकटीला धरून बसलेले मॉलिब्डेनम. वरून सलाईन सोडले की तयार झालेले टेक्नेशियम तेवढे धुऊन खाली येते, आई भुकटीलाच धरून राहते. या कामाला जगभरचे तंत्रज्ञ ‘गाय दोहणे’ म्हणतात. शेतकऱ्याच्या पोराला हे लगेच कळेल. एकदा धार काढली की सहा तासांत निम्म्याहून थोडे जास्त दूध पुन्हा भरते, दिवसभरात जवळजवळ पूर्ण भरते. आणि गाय रोज थोडी थोडी आटत जाते. सात दिवसांनी तिच्यात सुरुवातीच्या सहाव्या हिश्श्याएवढेच उरते. म्हणून जनरेटर पुन्हा पुन्हा नवा मागवावा लागतो.

या कामात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईजवळ तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले आणि किरणोत्सर्गी द्रव्यांनी रोग तपासण्याचे आणि बरे करण्याचे काम तिथे रुजले. १९८५ साली तुर्भ्याला ‘ध्रुव’ ही मोठी अणुभट्टी आली. १९८९ पासून नवी मुंबईत वाशी येथील ‘ब्रिट’ ही सरकारी संस्था देशभरच्या रुग्णालयांना अशी द्रव्ये आणि औषधाची किट पुरवू लागली.

आपल्याकडे बरीच वर्षे एक वेगळी, कष्टाची पद्धत चालली. आपल्या अणुभट्टीत तयार होणारे मॉलिब्डेनम पातळ असे, म्हणजे थोड्या किरणोत्सर्गी द्रव्याबरोबर साधे मॉलिब्डेनम पुष्कळ. ते बारीक नळीत मावत नसे. मग मॉलिब्डेनमचे द्रावणच रुग्णालयात येई. तिथला तंत्रज्ञ सकाळी मिथाइल इथाइल कीटोन नावाच्या द्रावकात टेक्नेशियम ओढून घेई, तो द्रावक तापवून उडवून लावी आणि तळाशी उरलेले न दिसणारे टेक्नेशियम सलाईनमध्ये विरघळवी. द्रावक थोडा जरी मागे राहिला, किंवा तापवताना त्याची जळकट घाण तयार झाली, तरी पुढे औषध नीट लागत नसे. यंत्राचा भरवसा कमी, हाताचा भरवसा जास्त. त्या काळात या खोल्यांत काम करणाऱ्यांनी जी शिस्त बाणवली, तीच आजही या कामाचा कणा आहे.

कल्हईचे कथील आणि हवेचा बुडबुडा

आता मुख्य प्रश्न. जनरेटरची धार काढली, टेक्नेशियम मिळाले. ते औषधाला लागायला काय आड येते?

जनरेटरमधून आलेले टेक्नेशियम मोठे अलिप्त असते. ते कशालाच चिकटत नाही. त्याला चिकटण्याजोगे करायचे तर आधी कथील लागते. पूर्वी दारावर येणारा कल्हईवाला पितळी भांड्याला जे कथील लावायचा, त्याच कथिलाचा एक क्षार, स्टॅनस क्लोराइड, औषधाच्या कुपीत अगदी थोडा घातलेला असतो. तो टेक्नेशियमचे रूप पालटतो आणि मग ते एम.डी.पी.ला धरून बसते.

पण कथिलाचा हा क्षार हवेचा कट्टर वैरी. हवेतला प्राणवायू लागला की तो खर्ची पडतो आणि टेक्नेशियमसाठी काही उरत नाही. म्हणून कुपीत हवेऐवजी नायट्रोजन वायू भरलेला असतो आणि रबरी बूच घट्ट लावलेले असते. सुईने टेक्नेशियम आत सोडताना तेवढाच वायू त्याच सिरिंजमध्ये परत ओढून घ्यायचा असतो, म्हणजे कुपीत दाब वाढत नाही. हवा जाऊ द्यायला बुचात दुसरी सुई खुपसून ठेवणे ही मोठी चूक. सिरिंजमधली हवा आत ढकलणे ही दुसरी. बूच स्पिरिटने पुसले असेल तर ते वाळू द्यायचे, ओले असतानाच सुई घालायची नाही. सलाईनही साधे, टिकाऊपणाचे रसायन न घातलेले लागते.

मग साठवण. पुष्कळ जातींच्या किट फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. रात्री वीज गेली, फ्रीज बंद पडला, पहारेकऱ्याच्या ते ध्यानी आले नाही, तर सकाळी कुपी पाहून काहीच कळत नाही. भुकटी तशीच पांढरी दिसते, आत कथील मात्र मेलेले असते.

आणि वेळ. टेक्नेशियम घातल्यावर कुपी हलवून ठरलेली मिनिटे थांबावे लागते, तेव्हा जोडणी पुरी होते. उलट जास्त वेळ ठेवूनही चालत नाही. काही तास गेले की जोडणी पुन्हा सुटू लागते. म्हणून किटच्या कागदावर किती तासांत वापरायचे ते छापलेले असते आणि ते शब्दशः पाळायचे असते.

हे झाले एम.डी.पी.चे. हृदयाच्या तपासणीचे एम.आय.बी.आय. नावाचे औषध उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावे लागते. पाणी उकळायच्या आधीच कुपी ठेवली तर ते अर्धेकच्चे राहते. यकृताच्या तपासणीच्या गंधकाच्या औषधात कोणते द्रव आधी, कोणते मागून, हा क्रम चुकला की सगळे बिघडले. फुप्फुसाच्या औषधात बारीक कण असतात. त्यांचा आकार ठराविकच हवा, म्हणून कुपी हळुवार फिरवायची, खसाखसा हलवायची नाही. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पुरणाची आणि भाकरीची कृती एक नसते, तसेच हे.

सोमवारचे दूध

एक कारण असे आहे, जे ऐकून आश्चर्य वाटेल. शनिवार-रविवार सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी जनरेटरची धार काढली, मग थेट सोमवारी सकाळी. या तीन दिवसांत टेक्नेशियम तयार होत गेले आणि त्यातले बरेचसे विझतही गेले. विझलेले टेक्नेशियम कुठे पळून जात नाही. ते तिथेच राहते. किरण देण्याच्या कामाचे ते नाही, पण रसायन म्हणून ते जिवंत टेक्नेशियमसारखेच वागते.

हिशेब पाहा. एका दिवसाच्या अंतराने धार काढली, तर टेक्नेशियमच्या दर १०० अणूंत कामाचे साधारण २८ असतात. तीन दिवसांनी काढली, तर कामाचे फक्त ८ च्या आसपास. बाकीचे ९२ विझलेले. कुपीत कथील मोजकेच. हे ९२ रिकामटेकडे त्यावर तुटून पडतात आणि कामाच्या आठांना कथील पुरत नाही. म्हणून काही औषधांच्या बाबतीत सोमवारची किंवा सणाच्या सुट्टीनंतरची पहिली धार दगा देऊ शकते. यावर उपायही साधा आहे. पहिली धार बाजूला ठेवायची आणि काही तासांनी भरलेली दुसरी धार औषधाला घ्यायची. त्यासाठी कोणाला तरी भल्या पहाटे येऊन दोहण करावे लागते. म्हणजे विश्वासार्हता शेवटी तिथल्या माणसाच्या हजेरीवर येऊन थांबते.

आपल्या माणसाला सोमवारी परत पाठवले असेल, तर हे एक कारण ध्यानात घ्यावे.

टोचण्याआधी चाचणी

औषध लागले की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. लागलेले आणि न लागलेले, दोन्ही पाण्यासारखेच दिसते. म्हणून चाचणी करावी लागते, आणि ती महागडी नाही. कागदाच्या बारीक पट्टीवर औषधाचा थेंब ठेवायचा आणि पट्टीचे टोक द्रवात बुडवायचे. शाळेत खडूवर शाईचा ठिपका देऊन रंग वेगळे केल्याचे मुलांना आठवत असेल, तोच हा प्रकार. ॲसिटोनच्या पट्टीवर सुटे राहिलेले टेक्नेशियम द्रवाबरोबर वर धावते. सलाईनच्या पट्टीवर गाळ झालेले टेक्नेशियम तळाशीच बसून राहते. दोन्ही पट्ट्या मोजल्या की १०० पैकी किती भाग नीट लागले ते कळते. औषधाच्या जातीप्रमाणे ९० किंवा ९५ भागांची मर्यादा असते. त्याखाली गेले तर ती कुपी वापरायची नाही.

जनरेटरच्या धारेच्याही चाचण्या असतात. कधी आईच, म्हणजे मॉलिब्डेनमच, दुधात उतरते. ते शरीरात जाऊन विनाकारण किरण देत राहील. ते ओळखायला धारेची बाटली जाड शिशाच्या डब्यात ठेवून मोजतात. टेक्नेशियमचे मंद किरण शिसे अडवते, मॉलिब्डेनमचे जोरदार किरण मात्र पार होतात आणि चोर सापडतो. दर १ मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मॉलिब्डेनम चालत नाही. नळीतल्या भुकटीतून ॲल्युमिनियम उतरले का, हेही रंग बदलणाऱ्या कागदावर पाहतात. कारण ॲल्युमिनियममुळे औषधाचे गोळे होऊन ते भलतीकडे जाते.

चाचणी न करताच औषध टोचले आणि ते बिघडलेले निघाले, तर काय होते? चित्रच ते सांगते. सुटे टेक्नेशियम गळ्यातल्या थायरॉइडमध्ये, लाळेच्या ग्रंथींत आणि जठरात उजळते. गाळ झालेले टेक्नेशियम यकृतात जाऊन बसते. हाडे मात्र फिकी, पुसट. अनुभवी डॉक्टर हे ओळखतात आणि तपासणी पुन्हा करायला लावतात. म्हणजे दुसरे इंजेक्शन, दुसरा खाडा आणि शरीराला दुप्पट किरण. याहून वाईट म्हणजे पुसट चित्रात लहानशी गाठ सुटून जाण्याची भीती. आईच्या कंबरेतले दुखणे संधिवाताचे की कर्करोगाचे, हे ज्या चित्रावर ठरणार, तेच चित्र खोटे असेल तर पुढचा सगळा उपचार खोट्या पायावर उभा राहतो.

म्हणून ‘आजचे औषध लागले नाही, उद्या या’ असे सांगणारे केंद्र आळशीच असते असे नाही. ते चाचणी करून, खराब औषध फेकून देणारे प्रामाणिक केंद्रही असू शकते. कधीच कोणाला परत न पाठवणारे केंद्र एकतर फार निष्णात असावे, नाहीतर ते चाचणीच करत नसावे.

आणखी एक गोष्ट त्या मुलाला सांगावीशी वाटते. या औषधाची एक कुपी साधारणपणे एका रुग्णासाठी नसते. एकाच कुपीतून त्या सकाळच्या अनेक रुग्णांच्या सिरिंज भरतात. गाडीतून आलेल्याला आणि एस.टी.ने आलेल्याला औषध एकाच कुपीतले. कुपी बिघडली तर सगळेच परत. म्हणून तिथे एकच प्रश्न विचारावा, “ताई, आज सगळ्यांनाच परत पाठवले का?” ‘हो’ म्हणाले तर कारण औषधाचे. ‘नाही’ म्हणाले तर मग पुढचा प्रश्न विचारण्याचा आपला पूर्ण हक्क आहे.

त्याहून घाईचे औषध, त्याहून दूरची अडचण

कर्करोगाच्या रुग्णांना हल्ली पेट स्कॅनही लिहून देतात. त्याचे औषध एफ.डी.जी., म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर. हे फ्लोरिन सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनते. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येच सुरू झाला. या फ्लोरिनचे अर्धे आयुष्य फक्त ११० मिनिटे. औषध निघाल्यावर सहा तास रस्त्यात गेले, तर पोचेपर्यंत त्याचा दहावा हिस्साच उरतो. म्हणजे एका रुग्णासाठी दहा जणांचे औषध भरून पाठवावे लागेल. घाटात दोन तास वाहतूक अडली की उरलेल्यातूनही निम्म्याहून जास्त गेले. यात दोष तंत्रज्ञाचाही नाही आणि रुग्णाचाही नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाची अडचणही आपल्या बाकापर्यंत येऊ शकते. वैद्यकीय मॉलिब्डेनम बनवणाऱ्या अणुभट्ट्या जगात मोजक्या आहेत. मे २००९ मध्ये कॅनडातली एक जुनी अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली आणि ऑगस्ट २०१० पर्यंत बंद राहिली. तेवढ्याने जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली आणि देशोदेशी तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या देशाची स्वतःची अणुभट्टी आणि स्वतःचे हातकसब आहे, त्याला अशा वेळी थोडा तरी आधार असतो.

आपल्या हातात काय आहे?

२०१२ साली आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून मराठवाड्यातल्या रुग्णांना बरेचसे उपचार जवळ मिळू लागले. तरी तपासणीसाठी कधी या केंद्रावर, कधी त्या केंद्रावर, कधी मुंबई-पुण्याला जावे लागतेच. तेव्हा पुढील गोष्टी घरातल्या जबाबदार माणसाने लिहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, वेळ. तुमच्या नावाची सिरिंज तासाप्रमाणे मोजून भरलेली असते. दहाची वेळ दिली असेल तर बाराला जाऊन चालत नाही. लांबून येणाऱ्यांनी तारीख घेतानाच आपले गाव सांगावे आणि औषधाची चाचणी झाल्यानंतरची, थोडी उशिराची वेळ मागावी. केंद्राचा फोन नंबर घ्यावा आणि आपलाही द्यावा.

दुसरी, परत पाठवले तर चार प्रश्न शांतपणे विचारावेत. कारण काय? सगळ्यांनाच परत पाठवले का? उद्या पुन्हा पैसे भरावे लागतील का? आणि कारखान्यात दाखवायला आज आल्याची चिठ्ठी मिळेल का? सरकारी योजनेत ही तपासणी बसते की नाही, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावे.

तिसरी, रुग्णाचे स्वतःचे काम. बोन स्कॅनला सहसा उपाशी राहावे लागत नाही. इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबावे लागते. त्या वेळात डॉक्टरांनी मना केले नसेल तर भरपूर पाणी प्यावे आणि वरचेवर लघवीला जावे. हाडांना न लागलेले औषध लघवीवाटे निघून जाते आणि चित्र स्वच्छ येते. चित्र काढायच्या आधी पुन्हा एकदा लघवी करून यावे. कपड्याला थेंब लागला असेल तर संकोच न करता सांगावे, कारण तो थेंबही चित्रात गाठीसारखा दिसतो. पेट स्कॅनला मात्र सांगितलेले तास उपाशी राहावे लागते. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्शुलिनचे आधीच विचारावे. रक्तात साखर जास्त असली तर उत्तम औषधही निरुपयोगी ठरते. दिवस गेले असतील, किंवा अंगावर पिणारे मूल असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगावेच सांगावे.

चौथी गोष्ट घरातली. बोन स्कॅन करून आलेल्या आईला कोणी कोपऱ्यात बसवू नये. तान्ह्या मुलांना आणि गरोदर सुनेला तो दिवस तिच्यापासून थोडे अंतराने ठेवावे, लघवीनंतर पाणी भरपूर टाकावे, हात साबणाने धुवावेत. एवढे पुरे. चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो आणि लघवीतून गेलेले धरले तर त्याहूनही कमी. तिचे ताट, तिचा पेला वेगळा काढण्याचे कारण नाही. पेला वेगळा काढणे म्हणजे काय असते, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ते दुःख आपण आजारी माणसाला आपल्या हाताने देऊ नये. थायरॉइडच्या आजारावर किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार देतात, त्याचे नियम वेगळे आणि कडक असतात. ते तिथले डॉक्टर सांगतील तसेच पाळावेत.

शेवटची गोष्ट तरुणांसाठी. सकाळी सहाला येऊन धार काढणारा, बुडबुडा आत न जाऊ देणारा, पट्टी मोजणारा तो माणूस आपल्या वस्तीतला का नसावा? विज्ञानाच्या पदवीनंतर न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञानाचे पदविका आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. परळच्या सेंटरने अशी माणसे घडवली आहेत. बी.एस्सी. करून पुढे काय, असे विचारत बसलेल्या मुलामुलींनी याची चौकशी जरूर करावी.

त्या मायलेकांकडे पुन्हा वळू. उद्या ते पुन्हा पहाटेची गाडी धरतील. आणखी एक खाडा पडेल, तो कमी नाही. पण मुलाने बाकावरून उठून एवढे विचारावे, “आजचे औषध तपासले का? किती लागले?” या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळाले, तर आईचा हात निर्धास्तपणे पुढे करावा.